मिहानमधील वीज दरपत्रक

मिहानमधील वीज दरपत्रक म्हणजे नागपूर येथील मिहान प्रकल्पातील एखाद्या उद्योगाला वीज कोणत्या दराने पडेल, याचा पुरवठादाराने किंवा सल्लागाराने दिलेला लेखी अंदाज. व्यवहारात यास कोटेशन म्हणतात. असे दरपत्रक तयार करताना ग्राहकाचा मीटर, नियामक आयोगाचे आदेश, वीज बाजार आणि भार प्रेषण केंद्र यांच्या स्वतंत्र माहिती प्रणालींतून आकडे घेऊन ते एकत्र जुळवावे लागतात. मोठ्या कंपन्यांकडे या कामासाठी ऊर्जा व्यवस्थापक असतो. लघुउद्योगाला मात्र हातात आलेल्या कागदावरच काही वर्षांच्या कराराचा निर्णय घ्यावा लागतो.

पार्श्वभूमी

मिहान हा महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने नागपूर विमानतळालगत विकसित केलेला प्रकल्प आहे. ही कंपनी २००२ मध्ये स्थापन झाली. प्रकल्पाचे क्षेत्र सुमारे ४,३५४ हेक्टर असून त्यात विशेष आर्थिक क्षेत्र (सेझ) आणि सेझबाहेरील भाग असे दोन विभाग आहेत. विजेच्या दृष्टीने ही सीमारेषा निर्णायक ठरते.

प्रकल्पासाठी स्वतंत्र वीजनिर्मितीची मूळ कल्पना होती. अभिजीत समूह आणि विकास कंपनी यांच्या संयुक्त कंपनीने २४६ मेगावॉट क्षमतेचा कोळशावर चालणारा प्रकल्प उभारला. सुरुवातीचा दर प्रति युनिट तीन रुपयांहून कमी होता आणि स्वस्त वीज हे मिहानचे एक आकर्षण म्हणून मांडले जात होते. पुढे दरावरून वाद झाला आणि या प्रकल्पाचा पुरवठा बंद पडला. त्यानंतर सेझसाठी बाहेरून वीज विकत घ्यावी लागली. ज्या उद्योगांनी पहिला दर गृहीत धरून खर्चाचे गणित मांडले होते, त्यांना ते नव्याने मांडावे लागले.

केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाच्या ३ मार्च २०१० च्या अधिसूचनेनुसार सेझचा विकासक हा वीज कायदा, २००३ अन्वये मानीव वितरण परवानाधारक ठरतो. त्यामुळे मिहानच्या सेझमध्ये विकास कंपनी स्वतःच वीज वितरक आहे. कुंपणाबाहेरील ग्राहक महावितरणच्या क्षेत्रात येतात. दोन्हींचे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो, परंतु आदेश वेगवेगळे असतात. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंच्या दोन गाळ्यांचा दर म्हणूनच वेगळा असू शकतो. जागेचा पत्ता 'मिहान' एवढाच नोंदवणारे दरपत्रक पहिल्या पायरीलाच चुकलेले असते.

माहितीचे स्रोत

पहिला स्रोत ग्राहकाचे बिल. महावितरणच्या लघुदाब ग्राहकाची ओळख बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि चार अंकी बिलिंग युनिट यांवरून पटते. बिलात मंजूर भार, करार मागणी, दरवर्ग, स्थिर किंवा मागणी आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि विद्युत शुल्क हे घटक असतात. यांपैकी दरवर्गाकडे बहुधा दुर्लक्ष होते. माहिती तंत्रज्ञान सेवा देणाऱ्या नोंदणीकृत घटकाला आवश्यक प्रमाणपत्र सादर केल्यास औद्योगिक दर मिळतो, अन्यथा त्याच कार्यालयाला वाणिज्यिक दर लागतो. विदर्भातील औद्योगिक ग्राहकांसाठी राज्य शासनाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या वीज सवलतीसारखे लाभही दरवर्गावर अवलंबून असतात. अशी सवलत शासनाच्या तरतुदीतून येते, म्हणून ती पुढील सर्व वर्षांसाठी गृहीत धरणे धोक्याचे असते.

दुसरा स्रोत मीटरमधील भारनोंद. मासिक बिलावरून किती युनिट वापरली हे कळते, ती कोणत्या तासांत वापरली हे कळत नाही. आधुनिक मीटर १५ किंवा ३० मिनिटांच्या अंतराने वापर नोंदवतात. वीज बाजाराचा दिवस १५ मिनिटांच्या ९६ कालखंडांत विभागलेला असल्याने ही नोंद थेट बाजारभावाशी जुळवता येते. अर्ध्या तासाची नोंद असेल तर तिचे दोन भाग करावे लागतात, आणि ते समान धरणे हाही एक अंदाजच असतो.

तिसरा स्रोत बाजारभाव. इंडियन एनर्जी एक्स्चेंजवर जून २००८ पासून दुसऱ्या दिवसाच्या विजेचे व्यवहार होतात, तर तत्काळ बाजार १ जून २०२० रोजी सुरू झाला. भाव उघडपणे प्रसिद्ध होतात आणि संगणकाला वाचता येईल अशा तक्त्यात मिळतात. हा स्रोत त्यामुळे सर्वांत सोपा आहे. तथापि एप्रिल २०२२ मध्ये बाजारातील कमाल भावावर प्रति युनिट १२ रुपयांची मर्यादा घालावी लागली होती, हे पाहता मागील महिन्याची सरासरी पुढील वर्षाचा दर म्हणून वापरता येत नाही.

नियामक आदेश

आयोगाचे दरआदेश शेकडो पानांचे दस्तऐवज असतात. त्यांतील तक्ते माणसाने वाचून प्रणालीत भरावे लागतात, आणि दरपत्रकातील बहुतेक चुका येथेच शिरतात. प्रत्येक दरासोबत तो लागू होण्याची तारीख, संपण्याची तारीख आणि आदेशाची सद्यस्थिती नोंदवणे आवश्यक असते. २०२५ मधील घटनाक्रम याचे उत्तम उदाहरण आहे. महावितरणविषयीच्या २८ मार्च २०२५ च्या आदेशाला आयोगाने काही दिवसांतच स्थगिती दिली. पुनर्विलोकनानंतर २५ जून रोजी आदेश झाला आणि नवे दर १ जुलैपासून लागू झाले. केवळ 'ताजा आदेश' शोधणाऱ्या प्रणालीने एप्रिलमध्ये अस्तित्वात नसलेल्या दराने दरपत्रके दिली असती.

या बदलात दिवसाच्या वेळेनुसार आकारल्या जाणाऱ्या, म्हणजे टीओडी दरांची रचनाही पालटली. पूर्वी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत प्रति युनिट १.५० रुपये सवलत होती, तर सायंकाळी ६ ते रात्री १० या वेळेत १.१० रुपये जादा आकारले जात. नव्या रचनेत सवलत सकाळी ९ ते सायंकाळी ५ या सौरऊर्जेच्या तासांकडे गेली. दिवसा यंत्रे चालवणाऱ्या कारखान्याला हा बदल लाभाचा आहे. अमेरिकेच्या वेळेनुसार रात्री काम करणाऱ्या, टीओडी दर लागू असलेल्या सेवा कंपनीची मात्र जुनी बचत त्यामुळे नाहीशी होते. युनिटचा वापर तोच राहतो, बिल बदलते.

मुक्त प्रवेश व लघुउद्योग

भारतात किरकोळ ग्राहकाला मोबाइल सेवेप्रमाणे वीजपुरवठादार निवडता येत नाही. वीज कायद्याने वितरकाच्या तारा वापरून इतरांकडून वीज घेण्याची, म्हणजेच मुक्त प्रवेशाची, सोय केली. परंतु प्रत्यक्षात ती एक मेगावॉट व त्यावरील ग्राहकांपुरती राहिली, आणि लघुउद्योग तिच्याबाहेर राहिले. ६ जून २०२२ च्या केंद्रीय हरित ऊर्जा मुक्त प्रवेश नियमांनी अक्षय ऊर्जेसाठी ही मर्यादा १०० किलोवॉटवर आणली. नियमांनुसार अर्जावर १५ दिवसांत निर्णय न झाल्यास मंजुरी मिळाली असे मानले जाते. अर्ज केंद्रीय नोंदणी संकेतस्थळावरून होतात. महाराष्ट्रातील विजेचे वेळापत्रक राज्य भार प्रेषण केंद्र सांभाळते. त्याचे मुख्य केंद्र नवी मुंबईतील ऐरोलीत असून विभागीय केंद्र नागपूरला अंबाझरी येथे आहे.

दुसरा मार्ग समूह स्वयंनिर्मितीचा. विद्युत नियम, २००५ नुसार ग्राहकांकडे प्रकल्पाची किमान २६ टक्के मालकी असावी लागते आणि त्यांनी निर्मितीच्या किमान ५१ टक्के वीज वापरावी लागते. या अटी पाळल्यास क्रॉस सबसिडी अधिभार लागत नाही. वर्षअखेरीस अट मोडल्याचे आढळले तर तो अधिभार देय होतो. छोट्या भागधारकाच्या दरपत्रकात ही जोखीम क्वचितच स्वतंत्र ओळीत लिहिलेली असते.

आकडेमोड

निर्मितीस्थळाचा दर आणि ग्राहकाच्या मीटरवरचा दर यांत पारेषण आकार, वहन आकार, अधिभार व गळती यांचे अंतर असते. गळतीचे गणित विशेषतः चुकते. समजा निर्मितीचा दर ४ रुपये, पारेषण गळती ३ टक्के आणि वितरण गळती ७.५ टक्के आहे. दोन्हींची बेरीज करून दरात १०.५ टक्के वाढ केल्यास ४.४२ रुपये येतात. प्रत्यक्षात ४ ला ०.९७ आणि ०.९२५ यांच्या गुणाकाराने भागावे लागते व उत्तर सुमारे ४.४६ रुपये मिळते. फरक चार पैशांहून किंचित कमी असला तरी महिन्याला एक लाख युनिट वापरणाऱ्या ग्राहकासाठी तो सुमारे ३,८०० रुपयांचा होतो.

उच्चदाब ग्राहकांचे बिलिंग एप्रिल २०२० पासून केव्हीएएच या एककात होते. सौर प्रकल्पाचे आकडे मात्र किलोवॉट तासांत दिलेले असतात. पॉवर फॅक्टर कमी असलेल्या कारखान्यात ही दोन एकके सरळ एकमेकांतून वजा केल्यास बचत फुगलेली दिसते.

अन्य देशांतील पद्धत

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात जानेवारी २००२ पासून बहुतांश ग्राहकांना किरकोळ विक्रेता निवडता येतो. तेथे प्रत्येक जोडणीला कायम ओळख क्रमांक असल्याने विक्रेता बदलला तरी वापराचा इतिहास त्या क्रमांकाशी जोडलेला राहतो. अमेरिकेतच २०१२ मध्ये सुरू झालेल्या 'ग्रीन बटन' उपक्रमामुळे ग्राहक आपली वापरनोंद प्रमाणित स्वरूपात उतरवून घेऊन कोणत्याही सल्लागाराला देऊ शकतो. ब्रिटनमध्ये लघुउद्योगांना दरपत्रके मिळवून देणाऱ्या दलालांचा स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला आहे. दलालाचे मानधन बहुधा युनिटच्या दरातच मिसळलेले असते, म्हणून ते उघड करण्याचे बंधन तेथील नियामकाने घातले.