गोंदणाची बदनामी

बारामती-इंदापूर रस्त्यावर वसलेल्या आणि पानमळ्यांसाठी पंचक्रोशीत नावाजलेल्या निमगाव केतकीसारख्या गावात, पुण्याहून सुट्टीला आलेल्या नातवाने मानेवर किंवा दंडावर काही चितारून आणले असले, म्हणजे ओसरीवर जो संवाद घडतो तो बहुधा ठरलेलाच असतो. "हे काय थेर करून आलास?" असे आजी विचारते, "आज्जे, तुझ्या कपाळावर काय हाय मग?" असे नातू म्हणतो, आणि "माझं देवाधर्माचं हाय, तुझं वाया गेल्याचं लक्षण," या निवाड्याने तो खटला तेथल्या तेथे निकालात निघतो. वस्तुतः दोघांच्याही त्वचेत जे घडले आहे ते एकच आहे: सुईच्या टोकाने बाह्यत्वचा भेदून तिच्याखालच्या अंतस्त्वचेत रंगाचे कण पेरले गेले आहेत. आजीच्या वेळी ती सुई हाताने टोचली जात होती, नातवाच्या वेळी ती विजेवर चालली, एवढाच काय तो भेद. तरीही एक खूण सौभाग्याची ठरते आणि दुसरी दुर्वर्तनाची, याचे कारण त्वचेत शोधून सापडणार नाही. आपल्या समाजाचा आक्षेप गोंदणाला फारसा कधी नव्हताच, ते कोणाच्या अंगावर आहे यालाच तो होता, असे माझे मत आहे.

पहिला आणि सर्वांत दृढमूल गैरसमज हा की, अंगावर चित्रे काढून घेणे ही परदेशातून आलेली, चित्रपटनट आणि क्रिकेटपटू यांनी रूढ केलेली नवी टूम होय. महाराष्ट्राच्या कोणत्याही खेड्यातील वयोवृद्ध स्त्रीचे हात ज्याने लक्षपूर्वक पाहिले असतील त्याला हा समज क्षणभरही टिकवता येणार नाही. कपाळावर कुंकवाच्या जागी उभी रेघ किंवा चंद्रकोर, हनुवटीवर एक ठिपका, मनगटापासून कोपरापर्यंत तुळशीवृंदावन, सीतेची पावले, स्वस्तिक, विंचू, क्वचित भावाचे नाव. आणि पुरुषांच्या दंडावर मारुती किंवा स्वतःचेच नाव, असा हा जुना चित्रसंग्रह असतो. दिव्याची काजळी पाण्यात किंवा पाल्याच्या रसात खलावी, तीन-चार सुया एकत्र बांधून ती त्वचेत टोचावी आणि वरून हळद लावावी, ही त्याची कृती. सोनेनाणे, लुगडी, भांडीकुंडी सारे मागे राहते आणि गोंदण तेवढे मेल्यावर बरोबर येते, ही श्रद्धा त्यामागे असे. आणि ज्या घरात डागिना करण्याची ऐपत नव्हती त्या घरातील मुलीला मिळालेला हा एकमेव अलंकार कोणताही सावकार गहाण ठेवून घेऊ शकत नव्हता, हा त्या श्रद्धेचा व्यावहारिक भाग मला अधिक हृदयस्पर्शी वाटतो. याच इंदापुरात 1922 साली जन्मलेल्या शान्ता शेळके यांना आपल्या एका काव्यसंग्रहाला 'गोंदण' हे नाव द्यावेसे वाटले, यावरून हा संस्कार मराठी मनात किती खोल गेलेला आहे हे दिसते. आणि प्राचीनतेचाच दाखला हवा असेल तर 1991 साली आल्प्स पर्वताच्या बर्फात ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सरहद्दीवर सापडलेल्या, सुमारे 5,300 वर्षांपूर्वीच्या मानवदेहाकडे पाहावे: त्याच्या त्वचेवर 61 खुणा आढळल्या, आणि त्यांतील पुष्कळशा कंबर, गुडघे आणि घोटे अशा दुखऱ्या सांध्यांच्या आसपास आहेत, त्यामुळे त्या शोभेपेक्षा उपचारासाठी असाव्यात असा संशोधकांचा तर्क आहे.

येथे एक गोष्ट आजीच्या पिढीच्या बाजूने नमूद केली पाहिजे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात शाळेत जाऊ लागलेल्या मुलींनी याच गोंदणाला गावंढळ म्हणून हिणवले, शहरात नोकरीला गेलेल्या सुनांनी हनुवटीवरचे ठिपके पावडरीखाली झाकले, आणि अंगावर गोंदण नाही म्हणून पूर्वी ज्या सासवा सुनेला टोमणे मारीत त्यांच्याच घरी पुढे गोंदण आहे म्हणून स्थळे परत जाऊ लागली. त्वचा तीच, रंग तोच. उपहासाची दिशा तेवढी पालटली.

दुसरा गैरसमज अधिक गंभीर आहे, कारण त्याच्यामुळे माणसाच्या अब्रूला धक्का लागतो. अंगभर गोंदलेला इसम गुन्हेगारी वळणाचा असतो, निदान व्यसनी तरी असतोच, असे कित्येक सुशिक्षित गृहस्थही मानतात. या समजुतीची वंशावळ पाहण्यासारखी आहे. कंपनी सरकारच्या अमदानीत बंगाल इलाख्यात 1797 पासून जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा आणि शिक्षेचा तपशील गोंदण्याची पद्धत होती. मद्रास इलाख्याने 1802 मध्ये तिचे अनुकरण केले. आणि ती 1849 साली रद्द होईपर्यंत असे कित्येक अभागी जीव कपाळावर फेटा ओढून आपला लेख झाकीत हिंडले. म्हणजे या देशात गोंदण आणि गुन्हा यांची सांगड सरकारनेच, सरकारी शाईने आणि सरकारी हुकुमाने घातली. पुढे 1876 साली चेझारे लोंब्रोसो या इटालियन वैद्याने जन्मजात गुन्हेगाराविषयी जो ग्रंथ लिहिला त्यात त्याने गोंदण हे रानटी अवस्थेकडे परतल्याचे लक्षण मानले. परंतु ज्याने आपला पुष्कळसा पुरावा तुरुंगांतून आणि बराकींतून गोळा केला त्याला तुरुंगाबाहेरच्या सज्जनांचे हात तपासण्याची फुरसत झाली नसावी. ती झाली असती तर इंग्लंडच्या राजघराण्यापाशी त्याचा सिद्धांत अडला असता. सातवा एडवर्ड याने युवराज असताना 1862 साली जेरुसलेम येथे हातावर क्रूस गोंदवून घेतला होता, आणि त्याचा मुलगा, पुढे पंचम जॉर्ज म्हणून गादीवर बसलेला, याने 1881 साली जपानमध्ये अजगरासारखा एक व्याल गोंदवून घेतला. आणि त्या वेळी जपानी प्रजेला मात्र गोंदण्याची सक्त मनाई होती, कारण तेथील शासनाने ते 1872 साली बेकायदा ठरवले होते आणि ती बंदी 1948 पर्यंत उठली नाही. दिल्ली दरबारात ज्या हाताला संस्थानिकांनी मुजरे केले तो हात गोंदलेला होता, याची आपल्याकडे फारशी वाच्यता झाली नाही.

आपल्याकडे या पूर्वग्रहाला आणखी एक पदर आहे. गोंदण्याचा कसब ज्यांच्या हाती होता त्यांतील पुष्कळ माणसे भटक्या समाजांची. आणि 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, जो रद्द व्हायला 1952 साल उजाडावे लागले, भटकणाऱ्या माणसाकडे संशयाने पाहण्याची सवय कचेरीपासून चावडीपर्यंत सर्वांना लावली. त्या संशयाची थोडीफार छाया त्यांच्या सुईवरही पडली असेल तर नवल नाही. वास्तविक पोलिसांच्या दप्तरात गोंदणाची नोंद होते ती केवळ गुन्हेगार पकडण्यासाठी नव्हे. वर्तमानपत्रातील बेवारस प्रेताविषयीचे निवेदन ज्यांनी वाचले असेल त्यांना ती ओळ आठवेल: रंग सावळा, बांधा मध्यम, उजव्या हातावर अमुक नाव गोंदलेले. जत्रेत हरवलेले लेकरू ओळखू यावे म्हणून आईबापांनी गोंदवलेले नाव अखेर अशा पंचनाम्यात उपयोगी पडते, आणि कित्येक मृतांना त्यांचे गोत्रज त्या एका ओळीमुळेच सापडतात.

आता ज्या ठिकाणी लोकांचे भय रास्त आहे पण चुकीच्या जागी बसलेले आहे, त्या विषयाकडे वळतो. "गोंदलं की रोग होतो," असे सरसकट म्हटले जाते, आणि उलट बाजूस, "आमच्या म्हाताऱ्यांना काय झालं?" असा प्रतिप्रश्न विचारून तरुण मंडळी बेफिकीर होतात. दोन्ही पक्ष रंगाकडे पाहतात. पाहायला हवे सुईकडे. आषाढी वारीत जगद्गुरू तुकोबारायांच्या पालखीचा मुक्काम निमगाव केतकीस पडतो तेव्हा, किंवा कोणत्याही यात्रेत, रस्त्याच्या कडेला बसलेल्या गोंदणाऱ्याचा मांड लक्षपूर्वक न्याहाळावा. फळीवर डकवलेले नक्षीचे कागद, बॅटरीवर गुणगुणणारे यंत्र, बाटलीच्या झाकणात ओतलेली शाई, आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातावरचे रक्त टिपणारे एकच फडके. धोका आहे तो या झाकणात आणि या फडक्यात. कावीळ ब या रोगाचा विषाणू देहाबाहेर, कोरड्या पृष्ठभागावरही, सात दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो. कावीळ क आणि एड्स यांचे विषाणूही रक्ताळलेल्या सुईतून एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. सुई बदलली पण शाईचे झाकण तेच राहिले तर सुई बदलल्याचा उपयोग उरत नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. न्यूयॉर्क शहराने कावीळ ब रोगाच्या भयाने 1961 साली गोंदणावर बंदीच घातली आणि ती 1997 पर्यंत चालू ठेवली. तथापि बंदीपेक्षा गुणकारी उपाय साधा आहे. सुई आपल्यासमोर पाकीट फोडून काढलेली असावी, शाई प्रत्येकासाठी वेगळ्या कुपीत घेतलेली असावी, कारागिराच्या हातात नवे मोजे असावेत. आणि कावीळ ब रोगाची लस, जिच्या तीन मात्रा घ्याव्या लागतात, ती आधी घेतलेली असावी. शाईही सर्वस्वी निर्दोष नसते. लाल रंगाने कित्येकांच्या त्वचेला खाज आणि सूज येते, आणि युरोपीय संघाने 2022 पासून गोंदणाच्या शाईतील हजारो रसायनांवर निर्बंध घातले आहेत. यात्रेत 'काळी मेंदी' म्हणून जी लावतात ती तात्पुरती म्हणून निरुपद्रवी समजू नये. केस काळे करण्याचे रसायन तिच्यात मिसळलेले असल्यास कातडी भाजल्यासारखी होते.

हाताला नाव गोंदलेल्या माणसाला चुंबकीय तपासणीच्या यंत्रात घालता येत नाही, अशीही एक वदंता आहे. 330 माणसांच्या 932 गोंदणांवर केलेला एक अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यात गोंदणामुळे त्रास झाला तो केवळ एकाला, आणि तोही सौम्य. तपासणीपूर्वी तंत्रज्ञाला सांगून ठेवावे, इतके पुरे. लेझरने गोंदण एका बैठकीत पुसून निघते, ही जाहिरातदारांनी पसरवलेली आशाही अशीच पोकळ आहे. त्वचेतील भक्षक पेशी रंगाचे कण गिळून बसतात, त्या मेल्या की त्यांच्या जागी आलेल्या नव्या पेशी तेच कण पुन्हा गिळतात, असे फ्रेंच शास्त्रज्ञांनी 2018 साली उंदरांवरील प्रयोगांत दाखवले. म्हणूनच गोंदण जन्मभर टिकते आणि म्हणूनच ते घालवायला अनेक बैठका, महिने आणि बराच पैसा लागतो. काळा रंग त्यातल्या त्यात लवकर फिकटतो. हिरवा आणि पिवळा हट्टी असतात.

परंतु इंदापूर आणि बारामती तालुक्यांतील जी मुले पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेने भरतीसाठी धावताना दिसतात त्यांच्या दृष्टीने कळीचा प्रश्न वेगळाच आहे. गोंदलेल्याला कोणतीच सरकारी नोकरी मिळत नाही, असा एक समज. आणि आजकाल काहीही चालते, असा त्याच्या नेमका उलट दुसरा. वस्तुस्थिती या दोहोंच्या मध्ये आहे. तलाठी किंवा शिक्षक होण्यास गोंदण आड येत नाही. भूदलात कोपराच्या आतील बाजूपासून मनगटापर्यंतच्या भागावर आणि तळहाताच्या मागील बाजूस असलेले कायमचे गोंदण चालते, इतरत्र चालत नाही. अनुसूचित जमातींच्या उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांचा नियम याहून कडक: धार्मिक चिन्ह किंवा नाव असावे, ते डाव्या हाताच्या आतील बाजूस किंवा पंजाच्या पाठीवर असावे, आणि त्या अवयवाच्या एक चतुर्थांशाहून त्याचा आकार लहान असावा. डावाच हात का, तर उजव्याने सलाम करायचा असतो. सोलापूरच्या एका तरुणाला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने उजव्या हातावरील अशाच एका धार्मिक चिन्हापायी अपात्र ठरवले, तेव्हा तो मुंबई उच्च न्यायालयात गेला. गोंदण बहुतांशी पुसले गेले आहे आणि त्याने कामात अडथळा येत नाही हे ध्यानात घेऊन न्यायालयाने 2017 साली त्याच्या बाजूने निकाल दिला. पण प्रत्येक मुलाला उच्च न्यायालयाची पायरी चढणे परवडत नाही. ज्याला वर्दी घालायची आहे त्याने आधी त्या भरतीची जाहिरात अक्षरशः वाचावी आणि मगच दंडाची बाही वर करावी. मानेला आणि छातीला हात लावूच देऊ नये.

आणि शेवटचा गैरसमज रक्तदानाचा. गोंदण केले म्हणजे रक्तदानाचा हक्क कायमचा गेला असे मानून कितीतरी धडधाकट तरुण शिबिराच्या मांडवातून परत फिरतात. राष्ट्रीय रक्तसंक्रमण परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ही मनाई केवळ 12 महिन्यांची आहे, कारण संसर्ग झालेला असल्यास तो चाचणीत निश्चितपणे दिसून यावा इतका अवधी मध्ये जाऊ द्यायचा असतो. तेव्हा ज्यांच्या गोंदणाला वर्ष उलटून गेले आहे त्यांनी पुढच्या शिबिरात रांगेत उभे राहावे, डॉक्टरांनी विचारल्यास गोंदवल्याची तारीख खरी सांगावी, आणि ज्यांचे वर्ष अजून भरायचे आहे त्यांनी ती तारीख कुठेतरी लिहून ठेवावी.