चहात गुपचूप गोळी? नको गं बाई!

पार्लेश्वराच्या देवळातून बाहेर पडताना परवा आमच्या शेजारच्या वहिनींनी मला बाजूला घेतलं. पर्समधून कागदाची पुडी काढली. आत पांढऱ्या गोळ्या. "दारू सुटते म्हणतात. सकाळच्या चहात कुस्करून द्यायची, यांना कळतसुद्धा नाही. देऊ का हो?"

लग्नाला सोळा वर्षं, मुलगी दहावीत, आणि रोज रात्री दाराच्या घंटेकडे लागलेले कान. असली पुडी कुणी हौसेनं बाळगत नाही. तरी मी म्हटलं, "वहिनी, आधी डॉक्टरांना विचारू."

अशी गोळी बहुधा डायसल्फिरामची असते. तिचा शोध मोठा गमतीचा. हाल्ड आणि याकबसेन हे दोघे डॅनिश संशोधक जंतांवरचं औषध म्हणून ती स्वतःवरच करून पाहत होते. नंतर मद्य घेतलं, तर तब्येत बिघडली! १९४८ साली त्यांनी ही गोष्ट जगाला सांगितली. दारूचं शरीरात आधी एक विषारी द्रव्य होतं आणि मग ते निवळतं. गोळी हे निवळणंच थांबवते. मग तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. ज्याला ठाऊक आहे तो या भीतीनं ग्लासाला हात लावत नाही. औषधाचा सगळा गुण त्या ठाऊक असण्यात आहे. ज्याला ठाऊकच नाही, तो नेहमीसारखा पितो, आणि हृदय दुबळं असलं तर जिवावर बेततं. शेवटच्या गोळीनंतरही दोनेक आठवडे हा धोका राहतो. मद्यार्क असलेलं खोकल्याचं औषधही बाधू शकतं.

म्हणजे डॉक्टरांनी व्यसनी माणसाला औषध देऊच नये का? द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं देवाची शपथ घालून एका रात्रीत दारू सोडली, तर हात कापतात, फिट येते, दोन-तीन दिवसांत भ्रमही होतो. काही वेळा माणूस दगावतो. म्हणून डॉक्टर काही दिवस शामक गोळ्या देतात, त्या उतरत्या मात्रेत बंद करतात, जोडीला बी-१ जीवनसत्त्व. पण तीच चिठ्ठी दाखवून महिनोन् महिने गोळ्या आणत राहिलं, की त्यांचीच सवय लागते. तेव्हा गोळ्या मोजून आपल्या ताब्यात ठेवा, आणि दुकानदाराला डॉक्टर समजू नका.

गर्दच्या बाबतीत तर लोक सरळच म्हणतात, "एक व्यसन सोडवायला दुसरं कशाला?" सुईनं नशा करणाऱ्यांना ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देण्याचं काम २००७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात आलं. केंद्रात, कर्मचाऱ्यासमोर, जिभेखाली. तडफड थांबते, सुई सुटते, माणूस कामावर जाऊ लागतो. आपण मधुमेहाची गोळी रोज घेतोच की! (आणि आपल्या राज्याला तरी नवल वाटू नये. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर डॉक्टरी दाखल्यावर चक्क दारूचाच परवाना मिळत असे.)

आपल्या पार्ल्यात वाढलेले पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई हे अनिल अवचटांचे गर्दवरचे लेख वाचून अस्वस्थ झाले आणि त्यांनी मदतीचा हात पुढे केला. त्यातून १९८६ साली पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' उभं राहिलं. डॉ. अनिता अवचट तिथं औषधाइतकाच भर माणसाशी बोलण्यावर देत. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मनोविकार आजारातच मोजतो. आजार म्हटला, की रोग्याला अंधारात ठेवून औषध कसं द्यायचं?

डॉक्टरांनी वहिनींना हेच सांगितलं, फक्त जरा रागावून. गोळी द्यायचीच तर आधी यकृताची तपासणी, हृदयाचा आलेख, आणि त्यांची स्वतःची संमती.

काल त्या भाजीवाल्याकडे भेटल्या. पुडी टाकून दिली म्हणाल्या. "यांच्याशी बोललात का?" मी विचारलं. कोथिंबिरीची जुडी झटकत म्हणाल्या, "अजून धीर होत नाही हो. रविवारी सकाळी शुद्धीवर असतात, तेव्हा बोलेन. तुम्ही याल का चहाला?"