जर्मनीतील दीर्घकालीन शुश्रूषा व्यवसायांतील पुरुष

वार्धक्य, अपंगत्व किंवा जुनाट आजारामुळे परावलंबी झालेल्या व्यक्तींना आंघोळ, जेवण, हालचाल यांसारख्या दैनंदिन गरजांसाठी नियमित साहाय्य करणे म्हणजे दीर्घकालीन शुश्रूषा होय. जर्मनीत या क्षेत्रातील सुमारे चार पंचमांश कर्मचारी स्त्रिया आहेत. वृद्धांची संख्या वाढत असताना मनुष्यबळाचा तुटवडा भासत असल्याने पुरुषांना या व्यवसायांकडे वळवण्याचे प्रयत्न केले जातात.

पर्यायी नागरी सेवा

सदसद्विवेकबुद्धीच्या कारणास्तव सक्तीची लष्करी सेवा नाकारणाऱ्या तरुणांसाठी पश्चिम जर्मनीत इ.स. १९६१ मध्ये 'त्सिव्हिलडीन्स्ट' ही पर्यायी नागरी सेवा सुरू झाली. रुग्णालये, वृद्धाश्रम व अपंगांच्या संस्थांमध्ये असंख्य तरुणांनी ती बजावली. त्यामुळे एरवी या कामाशी संबंध न येणाऱ्या पुरुषांना त्याचा प्रत्यक्ष अनुभव मिळाला व काहींनी पुढे हाच पेशा पत्करला.

इ.स. २०११ नंतरचे उपाय

१ जुलै २०११ पासून सक्तीची लष्करी सेवा स्थगित झाल्याने नागरी सेवाही संपुष्टात आली. तिच्या जागी आलेली संघीय स्वयंसेवा ऐच्छिक असून स्त्री-पुरुष दोघांनाही खुली आहे. त्याच वर्षी 'बॉइज डे' हा देशव्यापी उपक्रम सुरू झाला. त्यात शाळकरी मुले एक दिवस शुश्रूषा, बालसंगोपन आदी व्यवसायांचे काम जवळून पाहतात. इ.स. २०२० पासून शुश्रूषेचे तीन वर्षांचे एकत्रित प्रशिक्षण विनाशुल्क करण्यात आले.

मर्यादा

एका दिवसाची ओळख ही अनेक महिन्यांच्या सेवेची जागा घेऊ शकत नाही. पाळ्यांचे काम, शारीरिक ताण आणि शुश्रूषा हे स्त्रियांचेच काम असल्याची समजूत हे अडथळे कायम आहेत.