तलवार म्यान करा

प्लॅटफॉर्म गेमचा आढावा १९८१च्या ‘डाँकी काँग’पासून सुरू करायचा, १९८२च्या ‘पिटफॉल’ची वीस मिनिटं आठवायची आणि १९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’पाशी हात जोडायचे, असा रिवाज आहे. मारिओचा मान मला मान्य आहे. ‘कॉन्ट्रा’चाही, कॅसेटमध्ये फुंकर मारून, तीस लाइफच्या कोडवर आम्ही अख्ख्या उन्हाळी सुट्ट्या काढल्या. पण माझा जीव जडला तो एकाच खेळावर: जॉर्डन मेकनरचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’.

१९८९ साली तो अ‍ॅपल टू संगणकावर आला. आमच्यापर्यंत पोचला तो डॉसवर, या फ्लॉपीवरून त्या फ्लॉपीवर उतरत. नाशिकला क्लासच्या एसी खोलीबाहेर चपला काढायच्या, लोटस आणि डीबेसचा सराव उरकायचा आणि उरलेल्या वेळात प्रिन्स लावायचा. माहितीपुस्तिका कुणाकडेच नव्हती. पहिल्या लेव्हलनंतर अक्षरांच्या बाटल्यांची खोली आली, की वहीच्या मागच्या पानावर उतरवलेली उत्तरं शोधायची.

वजीर जाफरनं राजकन्येला दिलेली मुदत साठ मिनिटांची. मेलात तर लेव्हल पहिल्यापासून, घड्याळ मात्र पुढेच. एक मजला पडलात तर काही होत नाही, दोन मजल्यांना शक्तीचा एक लाल त्रिकोण जातो, तीन मजल्यांना प्राण. जमिनीतून उसळणाऱ्या सुळ्यांमधून शिफ्ट दाबून एकेक पाऊल टाकायचं. घाई केली की मेलात, आणि रेंगाळलात तर घड्याळ होतंच.

याची चाल जड आहे, बटण दाबल्यावर गडी उशिरा हलतो, असं लिहिणारे समीक्षक अजून आहेत. त्यांनी हा खेळ नीट पाहिलेलाच नाही. मेकनरनं धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि त्यावरून एकेक चित्र उतरवलं. तलवारबाजी घेतली १९३८च्या रॉबिन हूड चित्रपटातल्या शेवटच्या द्वंद्वावरून. धावणारा माणूस जागच्या जागी थांबत नाही, म्हणून प्रिन्सही थांबत नाही. त्याला वजन आहे. कठड्याला बोटांनी लोंबकळताना ते वजन आमच्या मनगटात जाणवायचं. मारिओत मला ते कधी जाणवलं नाही.

आजच्या खेळांत चार पावलांवर आपोआप सेव्ह होतं आणि अडायच्या आतच उत्तर फोनवर हजर असतं. एका दारापाशी आठवडाभर अडून राहण्यातला आनंद आजच्या मुलांच्या हातून हिरावला गेला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि ती सावली! आधी या खेळात लढाईच नव्हती. सहकारी टोमी पियर्स लढाई हवीच म्हणून मागे लागल्या होत्या, पण नव्या शत्रूची चित्रं ठेवायला मेमरीत जागा नव्हती. मग मेकनरनं प्रिन्सचंच चित्र एक बिट सरकवून त्याच्यावरच एक्सॉर केलं, आणि पडद्यावर एक फिकट, झिलमिलती आकृती उभी राहिली. चौथ्या लेव्हलला आपण आरशातून उडी मारतो आणि पलीकडून ती निघून जाते. पाचव्यात आपल्या डोळ्यांदेखत औषधाची बाटली पिऊन टाकते. सहाव्यात ऐन उडीच्या वेळी दार बंद करून आपल्याला खाली पाडते. बाराव्यात तलवार उपसून समोर येते.

तीन आठवडे आम्ही तिला भोसकत होतो. तिला लागलं की त्रिकोण आपलाही जायचा; ती मेली की आपणही. एकदा शेजारच्या मशीनवरचा, एरवी गप्प बसणारा मुलगा म्हणाला, “अरे, तो तूच आहेस ना? मग मारतोस कशाला?”

मी खालचा बाण दाबला. प्रिन्सनं तलवार म्यान केली, आणि सावलीनंही. दोघं एकमेकांकडे धावले, पडदा लख्खकन चमकला आणि एकच जण उरला. पुढे जमीन नव्हती. तरी धावलो, तर पायाखाली एकेक फरशी उमटत गेली. मागे वळून पाहिलं तर कुलूप हातात घेऊन सर उभे होते. “थांबू नकोस,” ते म्हणाले, “जाफर राहिलाय अजून.”