पाठीवरचं बिऱ्हाड : सॅक आतून का भिजते?

लेहला न्यायच्या सामानाची यादी या आठवड्यात येणार होती. ती येत नाही, आणि त्याला कारण चिपळूणहून आलेलं एक पत्र आहे. वाचक लिहितात, "जुलैत खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडावर गेलो. सॅक नवी, रेन कव्हर नवं, कुठे फाटलेलं नाही. वर गुहेत पोचून सॅक उघडली तर स्लीपिंग बॅग चिंब! आता सॅक बदलू की कव्हर?" पावसाळ्यावरचा भाग छापून आल्यापासून याच अर्थाची पत्रं एकामागून एक येताहेत, तेव्हा लडाखला थोडं थांबवणं भाग आहे. उत्तर तसं एका ओळीचं. दोन्ही बदलू नये, सॅकच्या आत एक जाड पिशवी घालावी. पण ही पिशवी कशासाठी, हे नीट कळलं तर लडाखची तयारीही अर्धी होते.

रेन कव्हर सॅकची बाहेरची बाजू झाकतं. पाठीला टेकणारी बाजू उघडीच राहते, कारण खांद्याचे आणि कमरेचे पट्टे तिथूनच निघतात. मानेवरून ओघळणारं पाणी पाठ आणि सॅक यांच्यामधल्या फटीतून खाली उतरतं. त्यातलं काही पाठीच्या स्पंजात मुरतं, काही शिवणींतून आत झिरपतं. कापड कितीही वॉटरप्रूफ असो, जिथे सुई गेली तिथे भोक पडलं, आणि पाण्याला तेवढं पुरतं. उरलेलं पाणी कव्हरच्या तळाशी साठतं. बहुतेक जण स्लीपिंग बॅग सॅकच्या सर्वांत खालच्या कप्प्यात कोंबतात, म्हणजे नेमकी या डबक्यात ठेवतात. टोलार खिंडीपासून मंदिरापर्यंतचे तास-दोन तास ती तिथे भिजत राहिली, तर कव्हरला बोल लावण्यात अर्थ नाही. काही कव्हरांना तळाशी पाणी निघून जायला छोटं भोक ठेवलेलं असतं. नसेल तर घरीच पाडून घ्यावं. नव्याकोऱ्या वस्तूला भोक पाडताना हात कचरतो खरा.

त्यात सह्याद्रीचा वारा. नाणेघाटातला उलटा धबधबा पाहायला आता पावसाळ्यात झुंबड उडते. कोकणातून येणारा वारा कड्यावर आपटून असा उसळतो की खाली पडू पाहणारं पाणी परत वर फेकलं जातं. धबधब्याची जी गत, तीच पावसाची. कड्याच्या काठावर पाऊस समोरून येतो, बाजूने येतो, प्रसंगी खालूनही येतो. अशा ठिकाणी कव्हर वाऱ्याने फुगतं, फडफडतं, आणि बकल लावलेलं नसेल तर दरीत जातं. त्यातून वाचलं तर करवंदीच्या जाळ्या असतातच. कव्हर बिनकामाचं आहे, असा याचा अर्थ नाही. ते सॅकचं कापड चिखलापासून वाचवतं आणि सॅकला पाणी पिऊन जड होऊ देत नाही. आतलं सामान कोरडं ठेवण्याची जबाबदारी मात्र त्याच्यावर टाकू नये.

ती जबाबदारी पिशवीची. बाजारात गुंडाळून बंद करायच्या 'ड्राय बॅग' मिळतात. त्या चांगल्या असतात आणि महागही असतात. गडाखालच्या गावांत मिळणारी युरियाच्या गोणीतली जाड प्लास्टिकची पिशवी तेच काम करते; फक्त ती दोन-तीनदा स्वच्छ धुऊन घ्यावी. पिशवी रिकाम्या सॅकमध्ये सोडायची आणि सगळं सामान तिच्यात भरायचं. मग हाताने दाबून हवा काढायची, तोंडाला पीळ द्यायचा आणि पिळाची दुमड घालून ती आत खोचायची. गाठ मारू नये. ओल्या, गारठलेल्या बोटांनी ती सुटत नाही, आणि वैतागून पिशवी फाडली की परतीच्या वाटेवर सगळं उघडं. वाटेत लागणाऱ्या वस्तू, म्हणजे पाण्याची बाटली, खाऊ, दोर, या पिशवीच्या बाहेर वर ठेवायच्या. त्या भिजल्या तर भिजल्या.

पिशवीत सर्वांत तळाला जातो तो कोरडा जोड. एक सदरा, एक पायजमा, एक लोकरी पायमोज्यांचा जोड. हे कपडे फक्त रात्रीचे. चालताना कितीही हुडहुडी भरली, चहा पिताना कितीही मोह झाला, तरी अंगावर घालायचे नाहीत. सकाळी ते उतरवून पुन्हा पिशवीत ठेवायचे आणि कालचे ओले, गार कपडे परत चढवायचे. पावसाळी ट्रेकमधला सगळ्यांत क्रूर क्षण हाच, आणि नियम मोडला जातो तोही इथेच. चालायला लागल्यावर दहा मिनिटांत ओले कपडे अंगाच्या उबेने सोसवतात. कोरडे कपडे पावसात त्याच दहा मिनिटांत ओले होतात, आणि मग संध्याकाळी अंगावर घालायला काहीच उरत नाही. चालण्याच्या कपड्यांत जीन्स असेल तर हाल वेगळेच. पाऊण किलोची जीन्स पाणी पिऊन दीड किलोच्या पुढे जाते आणि दोन दिवस वाळायचं नाव घेत नाही. रात्रीच्या कोरड्या जोडाला मात्र सुती कापड बिनधास्त चालतं. सुताशी वैर ते ओलं होण्यापुरतंच.

सॅकबद्दल बोलतोच आहोत तर एक आडवळण. बऱ्याच सॅकांच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. काही वर्षांनी तो चिकट होतो, कुबट वास मारतो, पांढरे पापुद्रे सुटून कपड्यांना लागतात. हा दोष दुकानदाराचा असेलच असं नाही; दमट हवेतलं पाणी या थराची रासायनिक साखळी हळूहळू तोडत असतं. मुंबई-कोकणात ओलसर सॅक तशीच घडी करून माळ्यावर टाकली की ही क्रिया जोरात चालते. ट्रेकिंगच्या बुटांचे सोल कपाटात ठेवल्याठेवल्या भुगा होतात किंवा ऐन उतारावर अख्खे निघून येतात, त्यामागेही बहुधा हेच रसायन. एकदा चिकट झालेला थर पुन्हा ठाकठीक होत नाही. सॅक सावलीत कडकडीत वाळवून, चेन उघडी ठेवून, हवेशीर जागी टांगावी.

आता पत्रांतला दुसरा मोठा गट : महागडं 'श्वास घेणारं' जॅकेट घेऊनही आतून ओलं का होतं? या कापडाचा जन्म मोठा गमतीशीर आहे. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर हे तापवलेल्या टेफ्लॉनच्या कांड्या सावकाश ताणून पाहत होते. प्रत्येक कांडी तुटत होती. शेवटी वैतागून त्यांनी एक कांडी जोरात हिसडली, आणि ती न तुटता कितीतरी पट लांब झाली. त्या ताणलेल्या पदार्थात अतिसूक्ष्म छिद्रं होती. पावसाचा थेंब त्यांतून आत येत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर जाते. गोर-टेक्स ते हेच.

पण वाफ बाहेर जायची तर बाहेर तिला जागा हवी. वाफ जास्त दाबाकडून कमी दाबाकडे सरकते. घामेजलेल्या त्वचेजवळ, तेहतीस अंशांच्या आसपास, तिचा दाब ५० हेक्टोपास्कलच्या घरात असतो. जुलैतल्या ताम्हिणीत बाहेर तेवीस-चोवीस अंश आणि हवा पाण्याने जवळजवळ भरलेली, म्हणजे बाहेरचाही दाब २८-२९. ढकलायला उरतो तो वीस-बावीसचा फरक. शून्य अंशावर बाहेरच्या वाफेचा दाब सहाच्या पुढे जाऊच शकत नाही. तिथे फरक दुपटीहून मोठा. शिवाय धो धो पावसात जॅकेटच्या वरच्या कापडावर पाण्याचा पापुद्रा बसला की छिद्रं असूनही वाफेची वाट अडते. म्हणून दहा हजारांचं जॅकेट सह्याद्रीत पाचशेच्या रेनकोटासारखं वागतं आणि लेहमध्ये पैसे वसूल करून देतं.

मावळात आणि कोकणात भातलावणी करणाऱ्यांनी हा पेच फार पूर्वीच सोडवला होता. इरलं पाहावं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात रचलेली रुंद पानं, हल्ली पानांच्या जागी प्लास्टिक. डोक्यापासून पाठीपर्यंत आडोसा आणि खालून सगळं मोकळं. घामाला छिद्रं शोधत बसावं लागत नाही, तो सरळ वाऱ्यावर जातो. धनगरांच्या घोंगडीची तऱ्हा वेगळी. लोकर तिच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश वाफ पोटात घेते तरी हाताला कोरडी लागते, आणि वाफ शोषताना थोडी उष्णताही सोडते. तरीही घोंगडी घेऊन ट्रेकला निघण्याचा रम्य बेत कुणी आखू नये. भिजल्यावर तिचं जे वजन होतं, ते पेलायला धनगराचे खांदे लागतात. इरल्यातली युक्ती मात्र जरूर उचलावी. जंगलातल्या वाटेवर, वारा नसेल तिथे, साधी छत्री कोणत्याही जॅकेटपेक्षा सरस. उघड्या माचीवर मात्र ती मिटलेलीच बरी.

इथवर पाणी बहुतांशी बाहेरून येत होतं. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, लेहला जेमतेम शंभर. (ऑगस्ट २०१० मध्ये तिथे ढगफुटीने झालेला हाहाकार लक्षात ठेवूनच हा आकडा वाचावा.) तेव्हा लडाखला भिजण्याची चिंता नको, असं वाटणं साहजिक आहे. ते किती खोटं असू शकतं याचा दाखला अंटार्क्टिकातून येतो.

१९११ च्या जून अखेरीस कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतले विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे एम्परर पेंग्विनची अंडी आणायला केप क्रोझियरकडे निघाले. अंटार्क्टिकातला तो ऐन हिवाळा, चोवीस तास अंधार, तापमान उणे साठ अंश सेल्सिअसपर्यंत उतरलेलं. पाऊस नाही, ओढा नाही, तरी पाच आठवडे ते ओलेच होते. ओझ्याची स्लेजगाडी ओढताना येणारा घाम कपड्यांत गोठायचा, रात्रीचा श्वास आणि घाम स्लीपिंग बॅगमध्ये गोठायचा. एका सकाळी चेरी-गॅरार्ड तंबूबाहेर आले, इकडेतिकडे पाहायला त्यांनी मान वर केली, आणि तेवढ्यात कपडे गोठून कडक झाले. पुढचे चार तास त्यांनी मान तशीच वर ठेवून गाडी ओढली. त्यानंतर तिघेही बाहेर पडताक्षणी ओढण्याच्या पवित्र्यात वाकू लागले. परत आले तेव्हा त्यांच्या स्लीपिंग बॅगा आतल्या बर्फाने कितीतरी जड झालेल्या होत्या.

झोपलेला माणूस एका रात्रीत श्वास आणि त्वचेवाटे पाव लिटरच्या आसपास पाणी बाहेर टाकतो. ते कुठेतरी जाणारच. उणे वीसच्या रात्री त्यातलं बरंचसं बॅगच्या अस्तरात गोठतं. म्हणून लडाखमध्ये दुपारच्या विसाव्यात स्लीपिंग बॅग उलटी करून उन्हात टाकायची. तिथली कोरडी हवा ती तासाभरात वाळवते. तोंड बॅगेच्या आत घेऊन झोपायचं नाही. आणि चढ सुरू होण्याआधीच एक थर उतरवायचा, पहिली पाच मिनिटं कुडकुडलं तरी हरकत नाही.

चादर ट्रेकला, म्हणजे गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालताना, तर आपली प्लास्टिकची पिशवी पुन्हा कामाला येते, पण नेमकी उलटी. बर्फावर साचलेल्या पाण्यासाठी बरेच जण लेहच्या बाजारातून गमबूट घेतात. त्यात बाहेरचं पाणी शिरत नाही आणि आतला घाम निघत नाही. जाड लोकरी मोजे दुपारपर्यंत ओले, संध्याकाळी गोठलेले. उपाय असा : आधी पातळ मोजा, त्यावर छोटी प्लास्टिकची पिशवी, त्यावर लोकरी मोजा, मग बूट. पाय जरा दमट राहतो, पण ऊब देणारी लोकर कोरडी राहते. मुक्कामाला पोचल्याबरोबर पातळ मोजा काढून पाय पुसून कोरडे करायचे. हे टाळलं तर त्वचा पांढरी पडून सोलवटते, आणि पुढचे दिवस लंगडत काढावे लागतात. काढलेला मोजा रात्री पोटाशी, सदऱ्याच्या आत ठेवला की सकाळपर्यंत वाळतो.

कॅमेराही असाच पिशवीत जातो, तोही उबदार खोलीत शिरण्याआधी, बाहेरच. मग दव पिशवीवर धरतं, काचेवर नाही. अर्ध्या तासाने काढावा.

पिसांची स्लीपिंग बॅग घ्यावी की सिंथेटिक, असं पुण्याहून दोघांनी विचारलं आहे. हा वाद दोन ओळींत मिटणारा नाही, त्याला स्वतंत्र भाग लागेल. त्या दोघांपैकी एकाने पिसांची बॅग विकत घेऊनही टाकली आहे, आणि ती येत्या शनिवारी, भर पावसात, राजगडावर नेण्याचा त्याचा बेत आहे. त्याने कृपया तो भाग छापून येईपर्यंत दम धरावा.