माळाचें गवत, उसाचे वाढे आणि पेंडीचा हिशेब

दिवाळी सरली म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यांत दोन गोष्टी एकाच सुमारास घडतात. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी या डोंगराळ तालुक्यांतील गवत पिवळें पडूं लागतें. आणि शिरोळ, हातकणंगले, करवीर या बाजूस ऊसतोड सुरू होऊन हिरव्या वाढ्यांचे भारे गोठ्यांत येऊं लागतात. भारा हिरवा दिसतो, जनावर तो आवडीनें खातें आणि मालक निश्चिंत होतो. तरीही माघ-फाल्गुनांत म्हैस आटूं लागते, माज वेळेवर येत नाहीं, बैलाच्या फासळ्या दिसूं लागतात. शहरांतील गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर तर गिऱ्हाइकासमोरच म्हैस पिळली जाते. तेथें वैरणीची चूक लपून राहत नाहीं. ही चूक कोणती व ती थोड्या खर्चांत कशी सुधारावी, याचा विचार येथें करावयाचा आहे.

परदेशांत कुरणावर वाढलेलीं गुरें मांसासाठीं पुष्ट करतांना सोयाबीनचीं टरफलें, बीटचा चोथा, मद्यार्क काढून उरलेलें धान्य असे कारखान्यांतील उरलेले पदार्थ जोडीस देतात. महाराष्ट्रांत १९७६ च्या कायद्यानें गाईची, व त्याच्या २०१५ मधील दुरुस्तीनें वळू आणि बैल यांचीही कत्तल बंद झाली आहे. आपला हेतु दूध, वेत व ओढकामाची शक्ति हा आहे. तत्त्व मात्र दोहींकडे एकच: चाऱ्यांत जें उणें असेल तें आधीं ओळखावें, आणि तेवढेंच बाहेरून आणावें.

आपल्या चाऱ्यांत पहिली उणीव प्रथिनांची. वाळलेल्या माळगवतांत व भाताच्या पिंजरांत तीं शेंकडा तीन-चार भाग असतात. वाढ्यांत, सुकें वजन धरल्यास, पांच-सहा भाग. जनावराच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यांत चारा कुजवून पचविणारे सूक्ष्म जीव राहतात. त्यांस शेंकडा सात भागांच्या आसपास प्रथिनें न मिळाल्यास त्यांचें काम मंदावतें. चारा पोटांत पडून राहतो व जनावराचें खाणेंही कमी होतें. म्हणजे प्रथिनें कमी पडलीं कीं पोटांत गेलेलें गवतही पुरतें अंगीं लागत नाहीं. अशा वेळीं गवताचा आणखी एक भारा पुढें टाकणें व्यर्थ होय. दहा किलो वाळल्या गवतांत तीनशें ते चारशें ग्रॅम प्रथिनें असतात. एक किलो चांगल्या भुईमूग पेंडींत तीं सुमारें साडेचारशें ग्रॅम असतात.

यावरून पेंड घेण्याची रीत ठरते. पोत्याचा भाव पाहूं नये, प्रथिनांचा पाहावा. टरफलासह काढलेल्या सरकी पेंडींत शेंकडा बावीसच्या आसपास प्रथिनें असतात, म्हणजे भुईमूग पेंडीच्या साधारण निम्मीं. म्हणून भुईमूग पेंडीचा भाव सरकी पेंडीच्या दुपटीहून कमी असेल, तोंवर प्रथिनांच्या हिशेबानें तीच स्वस्त. मात्र बुरशी आलेली पेंड फुकट मिळाली तरी घेऊं नये. तिच्यांतील विष जनावरास बाधतें व दुधांतही उतरतें. पानमळ्याच्या कडेची शेवरी ही तर घरचीच पेंड समजावी.

गूळ किंवा कारखान्यांतील मळी, म्हणजे साखर काढून उरलेला काळा पाक, यांनीं शक्ति मिळते, प्रथिनें नाममात्रच. आंबोणास चव आणण्यास तीं थोड्या प्रमाणांत चांगलीं. पेंडीच्या जागीं मात्र देऊं नयेत.

दुसरी उणीव चुन्याची. वाढ्यांत ऑक्झॅलेट नांवाचें द्रव्य असतें. तें चुन्यास, म्हणजे कॅल्शियमला, धरून ठेवतें व तो शेणावाटे निघून जातो. महिनोन्‌महिने केवळ वाढ्यांवर राहिलेल्या म्हशीच्या हाडांतील चुना दुधाकडे खर्च होतो. म्हणून वाढे निम्म्या वैरणीहून अधिक नसावेत, त्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी, आणि रोज पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण द्यावें.

घरीं आंबोण करावयाचें झाल्यास शंभर किलोस पुढील प्रमाण ठेवावें: सरकी पेंड ३५, भुईमूग पेंड १५, भाताचा कोंडा २७, मक्याचा भरडा २०, खनिज मिश्रण २ व मीठ १. यांत प्रथिनें शेंकडा एकोणीस-वीस येतात. दुभत्या म्हशीस अंगपोषणासाठीं एक ते दीड किलो, आणि दर लिटर दुधामागें अर्धा किलो याप्रमाणें द्यावें. कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा.

पेंडीची ऐपत नसेल त्यानें पिंजर युरियानें मुरवावा. शंभर किलो पिंजरास चार किलो युरिया सुमारें पन्नास लिटर पाण्यांत पूर्ण विरघळवून थराथरानें शिंपडावा, दाबून हवाबंद झांकावा व एकवीस दिवसांनीं काढावा. उघड्यावर थोडा वेळ ठेवून, वास उडाल्यावर तो खावयास द्यावा. सहा महिन्यांखालील वासरां-रेडकांस तो देऊं नये. आणि कोरडा युरिया किंवा त्याचें पाणी जनावराच्या तोंडीं कधींही लागूं देऊं नये, त्यानें तें दगावतें.

एवढें सर्व एकदम करावें, असा आमचा आग्रह नाहीं. यंदाच्या हंगामांत एकच म्हैस निवडावी, आठवडाभर तिचें दूध मापून टिपून ठेवावें, नंतर वरीलप्रमाणें आंबोण द्यावें, आणि तीन आठवड्यांनीं वाढलेल्या दुधाची किंमत व वाढलेला खर्च यांचा मेळ घालावा. हा हिशेब ज्यानें स्वतःच्या वहींत एकदा मांडला, तो पुढें पेंड घेतांना दुकानदाराच्या शब्दावर किंवा पोत्यावरील चित्रावर विसंबून राहणार नाहीं.