मोठा कॅम टाकला म्हणजे गाडी पळते?

गाडी मॉडिफाय करणाऱ्यांमध्ये एक सल्ला फुकट मिळतो: कॅम बदल, गाडी उडेल. उडते, पण किती आरपीएमला, हे सहसा कोणी सांगत नाही. कॅमशाफ्ट स्वतः ताकद निर्माण करत नाही. व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती उचलायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा, एवढंच तो ठरवतो.

वरच्या आरपीएमला सिलिंडर भरायला वेळ अपुरा पडतो. तिथे इनटेक व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहिला तर फायदाच होतो. खालच्या आरपीएमला मात्र उशिरा मिटणारा हाच व्हॉल्व्ह घात करतो. पिस्टन वर यायला लागला तरी तो उघडाच असतो आणि आत आलेलं मिश्रण पुन्हा मॅनिफोल्डमध्ये ढकललं जातं. दाब कमी भरतो, सिग्नलवरून निघताना पिकअप जातो. म्हणून मोठ्या कॅमसोबत कॉम्प्रेशन रेशोही वाढवावा लागतो.

डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद फसवतो तो इथेच. ५,००० आरपीएमला १०० न्यूटन-मीटर टॉर्क असेल तर ताकद होते सुमारे ५२ किलोवॅट. ७,००० ला टॉर्क ९० वर उतरला तरी ताकद ६६ किलोवॅट दिसते. आकडा वाढला खरा, पण रोज ऑफिसला जाताना ७,००० आरपीएमपर्यंत गाडी किती वेळा ताणणार?

एकच कॅम दोन्ही टोकांना चांगला असता, तर होंडाला व्हीटेकचा खटाटोप करावाच लागला नसता. १९८९ मध्ये इंटेग्रात आलेल्या बी१६ए इंजिनात एकाच शाफ्टवर सौम्य आणि आक्रमक असे दोन प्रकारचे लोब, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे, होते. वरच्या आरपीएमला ऑइलच्या दाबाने पिन सरकून आक्रमक लोब काम करू लागे. १.६ लिटरमधून १६० पीएस मिळाले, तेही ७,६०० आरपीएमला. साधा कॅम निवडणाऱ्याला हे दोन्ही मिळत नाही. त्याला एक बाजू धरावीच लागते.

कॅमच्या खोक्यावर व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ अंशांत लिहिलेला असतो; त्याचाही असाच घोळ. २७२ चा कॅम २६४ पेक्षा मोठा, असं सरळ गणित नसतं, कारण व्हॉल्व्ह किती उचलल्यापासून मोजायला सुरुवात केली यावर आकडा ठरतो. अमेरिकेतल्या कॉम्प कॅम्सचा जुना, नावाजलेला २६८एच घ्या. जाहिरातीत २६८ अंश, ०.०५० इंच लिफ्टला मोजला की २१८. दोन कंपन्यांचे कॅम ताडून पाहायचे तर एकाच लिफ्टवरचे आकडे मागा.

डगडगत्या आयडलिंगवर फिदा होणाऱ्यांची तर कीवच येते. तो आवाज ओव्हरलॅपचा, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा. त्यावरून ताकद कळत नाही. शिवाय मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम घटतो आणि त्याच्यावर चालणारा ब्रेक बूस्टर अशक्त होतो. बऱ्याच टर्बो गाड्यांत एक्झॉस्टमधला दाब इनटेकपेक्षा जास्त असतो. तिथे मोठ्या ओव्हरलॅपमुळे जळका वायूच उलटा सिलिंडरमध्ये शिरतो. टर्बोला सर्वांत मोठा कॅम लागतो, ही समजूत म्हणूनच फसवी.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज म्हणजे जुना कॅम काढून नवा बसवला की काम झालं. ७,००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५८ वेळा उघडतो. स्प्रिंग मऊ असेल तर व्हॉल्व्ह लोबच्या मागे राहतो; जास्त लिफ्टमुळे स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकली तर काहीतरी तुटतंच. ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं, मॅपिंगही नव्याने करावं लागतं. त्याआधी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटणार नाही ना, हे पाहायला पिस्टनच्या डोक्यावर मऊ मातीचा (क्लेचा) थर लावून, हेड बसवून, इंजिन हाताने फिरवायचं आणि हेड पुन्हा काढून दबलेल्या मातीची जाडी मोजायची. पिस्टन अगदी वर असतानाच व्हॉल्व्ह सर्वांत जवळ येतो, असं नाही. एक्झॉस्ट त्याच्या थोडा आधी आणि इनटेक थोडा नंतर जवळ येतो. त्यामुळे इंजिन पूर्ण दोन फेरे फिरवावं लागतं. हा व्याप नको म्हणणाऱ्या मेकॅनिककडे हेड उघडायला देऊ नका.